परसातल्या कळपात नर कोंबडा: मीलन कसं होतं, काय बघायचं आणि आपण कधी हात घालायचा

आठ-दहा माद्यांच्या छोट्या कळपात पहिल्यांदा नर सोडला की दोन-तीन दिवसांत बऱ्याच जणांचा जीव खालीवर व्हायला लागतो. नर एका मादीच्या मागे धावतो, डोक्यामागची पिसं चोचीत पकडतो, पाठीवर चढतो, ती ओरडते, आणि काही सेकंदांत सगळं आटपून दोघं परत दाणे टिपायला लागतात. बघणाऱ्याला वाटतं मारामारी झाली. मग कोणी काठी घेऊन नराला हाकलतं, कोणी त्याला लगेच वेगळं कोंडतं, तर कोणी "निसर्ग आहे, चालायचंच" म्हणत बघायचंच सोडून देतं आणि महिन्याभराने एखाद्या मादीची पाठ उघडी पडलेली दिसते.

माझं म्हणणं असं की या सगळ्यात खरा हिशोब मादीच्या पाठीवर लिहिलेला असतो. नर किती धावला, किती आरवला, किती वेळा चढला यावरून फारसं काही कळत नाही. माद्यांची पाठ, मान आणि पंखाखालची कातडी दर आठवड्याला हात लावून बघितली तर नर ठीक आहे की नाही, संख्या जमतेय की नाही, जागा पुरतेय की नाही हे सगळं कळतं. बाकीचा लेख त्याचसाठी आहे.

पायरी १: आधी ठरवा, नर हवाच आहे का

अंडी मिळण्यासाठी नराची काहीही गरज नसते. मादी तिच्या वेळेला अंडी देतेच, नर असला तर ती अंडी फलित होऊ शकतात एवढाच फरक. फलित अंडं खायलाही चालतं, चवीत आणि पोषणात फरक नसतो, आणि वेळेवर गोळा करून थंड जागी ठेवलं तर आत पिल्लू वाढत नाही, कारण साधारण २० अंश सेल्सिअसच्या खाली गर्भाची वाढ थांबलेली असते.

नर ठेवायची खरी कारणं म्हणजे पिल्लं काढायची असणं, आणि राखण. चांगला नर दिवसभर मान वर करून लक्ष ठेवतो, आकाशात शिकारी पक्षी दिसला तर वेगळा आवाज काढतो, जमिनीवरून कुत्रं-मांजर आलं तर वेगळा, आणि माद्या तो आवाज ऐकून त्याप्रमाणे लपतात किंवा मान उंच करून बघतात. शिवाय माद्यांच्या आपसातल्या भांडणात तो मध्ये पडतो. पण आरवणं पहाटेपुरतं नसतं, दिवसभर चालतं, त्यामुळे शेजारी आणि तुमच्या भागातले नियम हे दोन्ही आधी बघून घ्या. यातलं काहीच नको असेल तर नुसत्या माद्या ठेवा, मजेत राहतात.

पायरी २: संख्या आणि जोड बरोबर लावा

निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ इथेच असतं. एका तगड्या नरामागे ८ ते १० माद्या हा साधारण हिशोब. हलक्या, चपळ जाती असतील, लेगहॉर्नसारख्या, तर १२ पर्यंतही चालतं, भारी वजनाच्या जातीत ६ ते ८ ठीक. नर दिवसाला १० ते ३० वेळा चढू शकतो, आता तेवढं सगळं ३ माद्यांमध्ये वाटलं गेलं तर त्यांची काय अवस्था होईल हे तुम्हीच बघा. "माझ्याकडे तीनच माद्या आहेत आणि एक नर, चालेल का?" असं कोणी विचारलं की माझं उत्तर सरळ असतं, एक तर माद्या वाढवा नाहीतर नर दिवसातले काही तासच सोबत ठेवा.

त्यातही नर सगळ्यांकडे सारखा जात नाही. त्याच्या आवडत्या एक-दोन माद्या ठरलेल्या असतात, बहुतेक वेळा मोठ्या, लालभडक तुऱ्याच्या, नियमित अंडी देणाऱ्या, किंवा ज्या पटकन खाली बसतात त्या. म्हणून १० माद्या असूनही दोघींची पाठ उघडी आणि बाकीच्या आठजणी गुळगुळीत असं चित्र दिसतं. संख्या बरोबर आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही ते यासाठी.

वजनाचं पण बघा. भारी जातीचा नर छोट्या बँटम (बुटक्या जातीच्या) माद्यांवर सोडला तर इजा होणारच. उलट छोटा नर मोठ्या माद्यांवर चढतो खरा पण मागे नीट पोचत नाही, त्यामुळे अंडी फलित होत नाहीत.

पायरी ३: नॉर्मल काय असतं ते ओळखायला शिका

हे समजलं की अर्धी काळजी आपोआप जाते, त्यामुळे इथे जरा सविस्तर लिहितोय.

अनुभवी नर सरळ झडप घालत नाही, आधी मन वळवतो. सगळ्यात जास्त दिसणारी गोष्ट म्हणजे खाऊ दाखवणं. त्याला एखादा किडा किंवा दाणा सापडला की तो स्वतः गिळत नाही, मान खाली-वर करत भरभर "टुक टुक टुक टुक" असा आवाज काढतो, तो तुकडा चोचीत उचलतो, परत खाली टाकतो, परत उचलतो. माद्या धावत येतात, एखादी तो खाऊन टाकते, आणि तेवढ्यात नर तिच्या बाजूला सरकलेला असतो. कधी कधी खाली काहीच नसतं, नुसती काडी उचलून हाच सगळा प्रकार करतो, आणि जो नर वारंवार असं फसवतो त्याच्या हाकेला माद्या हळूहळू कमी यायला लागतात.

दुसरा प्रकार म्हणजे पंख पाडून केलेला नाच. मादीच्या बाजूला येऊन नर तिच्यापासून लांबच्या बाजूचा पंख खाली सोडतो, इतका की पंखाची टोकं जमिनीला घासतात आणि पाय त्या पिसांवर घासून खरखर आवाज येतो, मग छोटी छोटी पावलं टाकत तिच्याभोवती अर्धं वर्तुळ घेतो. हा नाच लक्षात ठेवा, कारण हाच नाच तो दुसऱ्या नरासमोर आणि माणसासमोरही करतो, आणि तिथे त्याचा अर्थ धमकी असतो.

तिसरा प्रकार कमी लोकांनी बघितलेला असतो. नर अंडी घालायच्या खोक्यात किंवा कोपऱ्यात जाऊन बसतो, पायाने तूस उकरतो, खोल घुरघुर आवाज काढतो, जागा दाखवत असतो तो. नवीन तलंगा (अजून अंडी द्यायला न लागलेल्या तरुण माद्या) पहिल्या अंड्याच्या सुमारास असतील तर त्या बऱ्याचदा त्याच्या मागोमाग आत जाऊन बघून येतात.

आता मादीचं उत्तर. तयार असेल तर ती जागच्या जागी खाली बसते, पाठ सपाट करते, पंख अंगापासून थोडे बाजूला धरते. नर मागून चढतो, दोन्ही पाय तिच्या पाठीवर खांद्याच्या मागे टेकवतो, तोल सांभाळण्यासाठी डोक्यामागची किंवा मानेची पिसं चोचीत धरतो, पायांनी आलटून पालटून तुडवतो, मग शेपूट खाली नेतो आणि मादी आपली शेपूट वर-बाजूला करते. दोघांची मागची द्वारं क्षणभर एकमेकांना टेकतात आणि वीर्य तिच्याकडे जातं. नर कोंबड्याला सस्तन प्राण्यांसारखं आत जाणारं लिंग नसतं, हे टेकणंच सगळं काम करतं. तो उतरला की मादी उठून सगळं अंग फुलवून जोरात झटकते आणि चालायला लागते. हे झटकणं दिसलं की समजा सगळं व्यवस्थित पार पडलं.

तयार नसेल तर ती पळते, ओरडते किंवा वळून टोच मारते. खुडूक (अंडी उबवायला) बसलेली, पिसं झडायला लागलेली, आजारी किंवा अजून अंड्यावर न आलेली मादी नराला जवळ येऊ देत नाही, आणि शहाणा नर दोन पावलं मागे धावून सोडून देतो. पळणं आणि ओरडणं थोडंफार रोजचंच असतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. न सोडता कोपऱ्यात गाठणं, ओढत नेणं, रक्त निघेपर्यंत तुरा धरणं, हे मात्र नॉर्मल नाही.

एक गोष्ट अजून, तुम्ही पाठीवर हात ठेवायला गेलात आणि तरुण मादी पटकन खाली बसून पंख पसरते, तर तीच ही बसण्याची क्रिया असते, नर कळपात नसला तरीही. पहिलं अंडं लवकरच येणार याची ती खूण.

पायरी ४: कधी आणि कसं निरीक्षण करायचं

सकाळी दार उघडल्या उघडल्या नर एक-दोन माद्यांवर झडप घालतो, ते बघून मत बनवू नका. रात्रभर सगळे कोंडलेले असतात, त्यामुळे तो गोंधळ होतोच. त्यानंतर माद्या अंडी द्यायला जातात. खरी वेळ दुपारनंतर ते संध्याकाळ, बहुतेक मीलन तेव्हाच होतं आणि त्याला कारणही आहे, सकाळी मादीच्या पोटात कडक कवचाचं अंडं बाहेर यायच्या तयारीत असताना वीर्य पुढे सरकायला अडचण येते, अंडं दिल्यानंतर वाट मोकळी असते.

संध्याकाळी २० मिनिटं शांत बसा, दाणे टाकू नका, हातात काही घेऊ नका. बघायचं एवढंच, तो आधी खाऊ दाखवतो का, माद्या स्वतःहून बसतात की प्रत्येक वेळी पळवूनच धरावं लागतं, एकाच मादीकडे तो सारखा जातो का, आणि कोणती मादी दिवसभर खुराड्यातून किंवा उंच दांडीवरून खालीच उतरत नाही. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. जी मादी नराच्या भीतीने खाली येत नाही ती नीट खात-पीत नाही, तिचं वजन उतरतं, आणि हे पाठीवर पिसं जाण्याच्या आधीच घडलेलं असतं.

पायरी ५: वयात आलेल्या नराचा त्रासदायक काळ

साधारण ४ ते ६ महिन्यांच्या वयात तुरा आणि गळ्याखालचे लाल लोंबते मोठे होतात, मानेची आणि कमरेवरची पिसं टोकदार, चकचकीत होतात, आरवणं सुरू होतं, आणि याच वेळी नर सगळ्यात आडदांड वागतो. खाऊ दाखवणं त्याला अजून जमत नाही, तो मागून येऊन झडप घालतो, कधी बाजूने चढतो, कधी उलटा चढतो, पडतो, परत पळतो.

यात एक घोळ असा की एकाच उबवणीतले नर त्यांच्या बहिणींपेक्षा काही आठवडे आधी वयात येतात. म्हणजे नर तयार आणि तलंगा अजून लहान, त्या खाली बसतच नाहीत, त्यामुळे प्रत्येक मीलन जबरदस्तीचं होतं. माझं स्पष्ट मत आहे की एकत्र वाढवलेली पिल्लं असतील तर साडेतीन-चार महिन्यांच्या सुमारास नरांना जाळीच्या पलीकडे वेगळं करावं आणि तलंगांनी अंडी द्यायला सुरुवात केली की मगच एक निवडून आत सोडावा. एवढं एक केलं तरी खूप त्रास वाचतो.

त्याहून उत्तम म्हणजे तरुण नराला मोठ्या, अनुभवी माद्यांमध्ये ठेवणं. त्या त्याला चोच मारून जागेवर आणतात, आणि दाणा दाखवल्याशिवाय काही मिळत नाही हे तो त्यांच्याकडूनच शिकतो. वर्षाचा होईपर्यंत बरेच नर निवळतात, म्हणून ५ महिन्यांच्या नराला "वाईट" म्हणून लगेच काढायची घाई नको. पण तोवर माद्यांचे हाल होऊ देणंही बरोबर नाही, तेव्हा मधला मार्ग म्हणून त्याला दिवसातून थोडा वेळच आत सोडा.

पायरी ६: दर आठवड्याला पाठ तपासा

अंधार पडल्यावर माद्या दांडीवर बसलेल्या असताना हे काम सोपं जातं, मंद टॉर्च घ्या, एकेक उचला, पंख दोन्ही हातांनी धरून मांडीवर घ्या. आधी डोक्यामागे बघा, मग मान, मग खांद्यांच्या मधली जागा, मग पाठ शेपटीपर्यंत, आणि शेवटी दोन्ही पंख उचलून काखेखाली आणि कुशीत. हा शेवटचा भाग बहुतेक जण विसरतात आणि नेमक्या नखांच्या आणि पायाच्या काट्यांच्या खोल जखमा तिथेच असतात, वरून पिसांनी झाकलेल्या, बाहेरून मादी अगदी नॉर्मल दिसते.

सुरुवातीच्या खुणा बारीक असतात. पाठीवरच्या पिसांच्या कडा विस्कटलेल्या, मग टोकं तुटलेली, मग नुसते दांडे उभे राहिलेले, बोट फिरवलं की खरखरीत लागतात. त्यापुढे गुलाबी कातडी दिसायला लागते. दांडे लागायला लागले तेव्हाच हालचाल करायची, कातडी दिसेपर्यंत थांबायचं नाही. कारण अख्खं उपटलेलं पीस काही आठवड्यांत परत येतं, पण तुटलेल्या पिसाचा दांडा कातडीत तसाच अडकून राहतो आणि पुढच्या झडीपर्यंत (जुनी पिसं गळून नवी येण्याचा काळ) तिथे नवीन पीस येत नाही. म्हणजे आज तुटलेलं पीस भरून यायला कित्येक महिने लागू शकतात, आणि तोवर ती जागा उघडीच.

पिसं गेली म्हणजे नरामुळेच गेली असं धरून चालू नका. झडीचा काळ असेल तर पिसं डोक्या-मानेपासून सुरू होऊन खाली जातात आणि सोबत नवीन कोंब, निळसर नळ्यांसारखे, दिसतात. उवा किंवा माईट्स असतील तर मागच्या द्वाराभोवती पिसं विरळ होतात, पिसांच्या बुडाशी पांढऱ्या अंड्यांचे पुंजके किंवा पळणारे बारीक किडे दिसतात. माद्या एकमेकींना टोचत असतील तर बहुतेक वेळा शेपटीच्या बुडाशी जागा उघडी पडते. खांद्यांच्या मधोमध, दोन्ही बाजूंना सारखी, आणि डोक्यामागे, अशी पिसं गेली असतील तर ते नराचं काम.

पायरी ७: पाठ खराब होतेय, आता काय करायचं

पहिलं जागा. खुराड्यात प्रत्येकीला निदान ४ चौरस फूट आणि बाहेर फिरायला १० चौरस फूट हा किमान हिशोब धरा, आणि नर असेल तर जास्तच बरं. मोकळं सपाट आवार असेल तर मादीला लपायला काहीच नसतं, म्हणून आडोसे करा, झुडूप, तिरकी टेकवलेली फळी, उलटा टोपला, वेगवेगळ्या उंचीच्या दांड्या. आडोसा असा हवा की दोन्ही बाजूंनी बाहेर पडता येईल, नाहीतर तोच सापळा होतो. दाणे आणि पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवा, म्हणजे नर एका भांड्यापाशी उभा राहिला तरी बाकीच्यांना खाता येतं.

दुसरं, नराची नखं आणि काटे. पायाच्या मागच्या काट्याच्या आत हाड आणि रक्तपुरवठा असतो, वरचं टोक फक्त शिंगासारखं कडक आवरण. त्यामुळे कापायचं म्हणजे फक्त टोक, थोडं थोडं, आणि कानशीने गोल करून घ्यायचं. मुळापासून काटा तोडायच्या फंदात पडू नका, रक्त खूप जातं आणि पक्ष्याला वेदना होतात. नखांचंही तसंच, टोकं बोथट केली की पुरे. कॉर्नस्टार्च हाताशी ठेवा, चुकून रक्त आलं तर दाबून धरता येतं. हे कामही रात्री करा, एकाने धरायचं आणि एकाने घासायचं.

तिसरं, पाठीवरचं जॅकेट. जाड सुती कापडाचा तुकडा, पंखांमधून इलॅस्टिक घालून पाठीवर बसवतात, नराची नखं कापडावर घसरतात. चांगली गोष्ट आहे, पण घालून विसरायची नाही. दर आठवड्याला काढून खाली उवा झाल्यात का बघा, इलॅस्टिक काखेत काचतंय का बघा, भिजलं तर लगेच काढा, आणि कडक उन्हाळ्यात शक्यतो टाळा. कातडी आधीच फाटलेली असेल तर त्यावर जॅकेट घालू नका, आधी जखम भरू द्या.

जखम असेल तर मादीला त्याच क्षणी वेगळं करायचं, कारण लाल रंग दिसला की बाकीच्या माद्याच तिथे टोचायला लागतात आणि रात्रीतून जखम दुप्पट होते. स्वच्छ कोमट मिठाच्या पाण्याने किंवा पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडीनने धुवा, कोरडं ठेवा, माश्या बसू देऊ नका. वेगळं म्हणजे जाळीतून कळप दिसेल असं, नाहीतर परत सोडताना तिला अनोळखी समजून मारतात. काखेखालची खोल फाटलेली जखम असेल, कातडीची घडी लोंबत असेल तर घरी प्रयोग न करता पशुवैद्याकडे न्या, आणि औषध दिलं तर किती दिवस तिची अंडी खायची नाहीत ते तिथेच विचारून घ्या.

आणि चौथं, सगळ्यात परिणामकारक पण लोक टाळतात ते, नरालाच सुट्टी द्या. आठवड्यातले काही दिवस तो जाळीपलीकडे राहिला तरी पिल्लांसाठीच्या अंड्यांवर परिणाम होत नाही. का ते पुढे येतंच.

पायरी ८: दोन नर ठेवायचे असतील तर

२० च्या आसपास माद्या आणि भरपूर मोकळी जागा असेल तरच विचार करा. एकत्र वाढलेले भाऊ किंवा बाप-लेक जास्त चांगले जमवून घेतात, कारण कोण वर कोण खाली हे आधीच ठरलेलं असतं. पहाटे आरवण्यातही हा क्रम दिसतो, वरचा नर आधी आरवतो आणि बाकीचे त्याच्यामागून, हे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवलं गेलंय.

खालचा नर गप्प बसत नाही, तो चोरून मीलन करतो, वरचा लांब असताना किंवा आडोशाला. खाऊ-नाच करायला त्याला वेळच नसतो, म्हणून ते बहुतेक जबरदस्तीचं असतं, मादी ओरडली की वरचा नर धावत येतो आणि त्याला हाकलतो. इथे एक कमाल गोष्ट आहे, मादीला नको असलेल्या खालच्या नराचं वीर्य ती मीलनानंतर लगेच बाहेर टाकू शकते. २००० सालच्या एका संशोधनात मोकळ्यावर राहणाऱ्या कोंबड्यांमध्ये हे नोंदवलं गेलं. म्हणजे नराने काहीही केलं तरी बाप कोण यात मादीचंही म्हणणं असतं.

दोघांची भांडणं आठवडाभरात निवळली नाहीत, तुऱ्यावर रोज ताजं रक्त दिसत असेल, किंवा एकच मादी दोघांच्या तावडीत सापडत असेल तर एकाला हलवा. जास्तीचे नर ठेवायचेच असतील तर माद्या दिसणार नाहीत अशा जागी सगळे नर एकत्र ठेवता येतात, मादी नजरेआड असली की ते बरेच शांत राहतात.

पायरी ९: पिल्लं काढायची असतील तर वेळेचं गणित

मादीच्या अंडनलिकेत बारीक नळ्या असतात, तिथे वीर्य साठून राहतं. एका मीलनानंतर साधारण १० ते १४ दिवस अंडी फलित होत राहतात, काही माद्यांमध्ये ३ आठवड्यांपर्यंतही. म्हणूनच नराला अधूनमधून वेगळं ठेवलं तरी चालतं. बलक अंडाशयातून सुटल्यावर फलन व्हायला जेमतेम पाव तास मिळतो, त्यानंतर त्यावर पांढरं चढतं, मग पापुद्रा, मग कवच, असं करत अंडं बाहेर यायला २४ ते २६ तास लागतात. त्यामुळे आज मीलन झालं तर उद्याचं अंडं फलित असेलच असं नाही. नवीन नर सोडल्यावर २-३ दिवसांनी फलित अंडी दिसू शकतात, पण उबवायला ठेवण्यासाठी १०-१४ दिवस थांबा.

नर बदलायचा असेल आणि पिल्लं नक्की नवीन नराचीच हवी असतील तर जुना काढल्यापासून निदान ३, शक्यतो ४ आठवडे जाऊ द्या, त्याआधीची अंडी खायला वापरा. तोच नर त्याच्याच लेकींवर पिढ्यानपिढ्या ठेवू नका, पिल्लं कमकुवत होत जातात आणि अंड्यांतून पिल्लं बाहेर येण्याचं प्रमाण घसरतं, दर एक-दोन वर्षांनी बाहेरचा नर आणा. बाहेरून आणलेला पक्षी आधी ३-४ आठवडे पूर्ण वेगळा ठेवायचा, मग जाळीतून ओळख, मग आत.

अंडं फलित आहे का हे बघायला एक-दोन फोडून बघणं सगळ्यात सोपं. बलकावर पांढरा ठिपका असतो, फलित नसेल तर तो छोटा, घट्ट आणि वेड्यावाकड्या कडांचा, फलित असेल तर थोडा मोठा आणि स्पष्ट गोल, आत फिकट आणि कडेला पांढरी कडी. वेगवेगळ्या माद्यांची अंडी फोडून बघा, एकीचं फलित म्हणून सगळ्यांची फलित असं नसतं. उबवायची अंडी १२ ते १८ अंशात, निमुळतं टोक खाली करून ठेवा आणि आठवड्याच्या आत बसवा. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा गोळा करा, नाहीतर खोक्यातल्या उष्णतेनेच वाढ सुरू होऊन मध्येच मरते. बसवल्यावर सातव्या दिवशी अंधारात टॉर्च लावून बघितलं की रक्तवाहिन्यांचं जाळं दिसतं, ज्यात काहीच दिसत नाही ती बाजूला काढा.

पायरी १०: नर चढतोय पण अंडी फलित नाहीत

आधी त्याचे पाय बघा. तळव्याला गाठ किंवा काळी खपली असेल, लंगडत असेल तर त्याला तोल सांभाळता येत नाही, चढतो आणि उतरतो, पुढे काही होत नाही. मग वजन, लठ्ठ नर सुस्त होतो, आणि उलटही खरं, जो नर सगळे दाणे माद्यांना देतो तो स्वतः हडकतो, अशा नराला संध्याकाळी वेगळं खायला घाला. छातीचं हाड हाताला धारदार लागलं तर तो उपाशी राहतोय हे नक्की.

कोचीनसारख्या फुलारलेल्या जातीत मागच्या द्वाराभोवतीची पिसंच आड येतात, नर आणि मादी दोघांची तिथली पिसं कात्रीने आखूड करा. चपट्या दाणेदार तुऱ्याच्या (इंग्रजीत याला "रोज कोम्ब" म्हणतात) काही नरांमध्ये आनुवंशिक कारणाने वीर्याची ताकद कमी असते. ३२ अंशांच्या वर उष्णता बरेच दिवस राहिली की फलन घटतं, कडाक्याच्या थंडीत तुरा गोठून जखमी झाला तरी घटतं, आणि दिवस लहान झाले की नराचा उत्साहच कमी होतो. नवीन वीर्य तयार व्हायला साधारण दोन आठवडे जातात, त्यामुळे आज ऊन उतरलं आणि उद्या सगळं ठीक असं होत नाही.

खाद्याचं एक सांगतो, अंड्यावरच्या माद्यांच्या खाद्यात कॅल्शियम भरपूर असतं, ते नराला वर्षानुवर्षं देणं त्याच्या मूत्रपिंडाला बरं नाही. सगळ्यांना कमी कॅल्शियमचं ग्रोअर (वाढत्या पक्ष्यांचं) खाद्य आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात, असं केलं की ज्यांना लागतो त्या माद्या स्वतःच खातात.

पायरी ११: नर माणसावर येत असेल तर

पंख पाडून बाजूने चालत आला, मान खाली करून मानेची पिसं फुलवली, की समजा तुम्हाला प्रतिस्पर्धी धरलंय. लाथ मारू नका, पळूही नका, दोन्हीने तो अजून पेटतो. स्थिर उभं राहा, तो निवळला की हळू बाजूला व्हा. माद्यांना त्याच्यासमोर उगाच पकडून उचलू नका, तिच्या ओरडण्याने तो येतो, तपासणी रात्री करायला सांगितली त्यामागे हेही कारण आहे. लहान मुलं असतील तर मात्र प्रयोग नकोत, काटा थेट डोळ्याच्या उंचीवर येतो, अशा घरात अंगावर येणारा नर ठेवूच नये असं माझं ठाम मत आहे.

नर काढायची वेळ कधी आली ते ठरवायला मी हे बघतो: वय वर्षाच्या पुढे गेलंय, माद्यांची संख्या पुरेशी आहे, जागा आणि आडोसे दिलेत, नखं-काटे बोथट केलेत, आणि तरीही महिनाभरात नव्या जखमा येतायत किंवा माद्या दांडीवरून उतरत नाहीत. मग अजून वाट बघायची नाही. त्याला काढल्यावर कळप दोन-चार दिवस बेचैन असतो, एखादी वरचढ मादी बाकीच्यांवर चढायलाही लागते, ते आपोआप थांबतं. पुढचा नर निवडताना रंग आणि तुऱ्याआधी तो माद्यांना दाणा दाखवतो का ते बघा, आणि तो येईपर्यंत माद्यांना एक झड पूर्ण होऊ द्या, म्हणजे नवीन नर भरलेल्या पाठींवर येईल.